भंगारात जुनी गाडी, दारात नवी: विक्री खरंच किती वाढली हे मोजताना

मंदीत वाहनविक्री कोसळली की सरकार जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याला नव्या गाडीवर अनुदान देतं. दोन-तीन महिन्यांत विक्रीचा आलेख उसळी घेतो आणि योजना यशस्वी झाल्याचं जाहीर होतं. हा हिशेब आम्ही २००९ च्या अमेरिकी, जर्मन, ब्रिटिश आणि फ्रेंच योजनांच्या उपलब्ध आकड्यांवर बरेचदा मांडला आहे. अनुदान किती गाड्यांना मिळालं, हे रोजच्या रोज कळतं. त्यापायी किती गाड्या जास्त खपल्या, हे मात्र योजना संपून वर्षभर लोटेपर्यंत कळत नाही, आणि तेव्हा हाती येणारा आकडा पहिल्या बातम्यांच्या मानाने बराच लहान असतो. तो कसा काढायचा आणि काढताना कुठे पाय घसरतो, ते इथे सांगतो.

आधी तीन ढीग करायचे. अनुदानावर गेलेली प्रत्येक गाडी यांपैकी एकात पडते. पहिला ढीग 'तशीही'चा: हा ग्राहक त्याच महिन्यांत गाडी घेणारच होता, अनुदान त्याला आयतं मिळालं. दुसरा 'आगाऊ'चा: हा पुढच्या वर्षात कधीतरी घेणार होता, अनुदानामुळे त्याने खरेदी आधीच उरकली. तिसरा 'नवी'चा: अनुदान नसतं तर याने जुनीच चालवली असती किंवा वापरलेली गाडी घेतली असती. बातमीत येणारा आकडा तिन्ही ढिगांची बेरीज असतो. योजनेने मागणी निर्माण केली असं फक्त तिसऱ्या ढिगाबद्दल म्हणता येतं. एखाद्या ग्राहकाकडे बघून तो कुठल्या ढिगातला हे ओळखता येत नाही, आणि त्याला विचारूनही फारसा उपयोग नसतो. "अनुदान नसतं तर तुम्ही काय केलं असतं?" या प्रश्नाला अनुदान मिळालेला माणूस प्रामाणिकपणेच चुकीचं उत्तर देतो. म्हणून ढिगांचा आकार एकूण आकड्यांतूनच काढावा लागतो.

कामाला हात घालताना आम्ही विक्रीचे आकडे नंतर उघडतो, नियम आधी वाचतो. कोण पात्र आणि कोण नाही, यावरच पुढचं सगळं मोजमाप उभं राहतं. अमेरिकेच्या २००९ च्या योजनेत (लोक तिला 'कॅश फॉर क्लंकर्स' म्हणत) अनुदान ३,५०० किंवा ४,५०० डॉलर होतं. जुनी गाडी २५ वर्षांच्या आतली, चालू स्थितीतली आणि सरासरी १८ मैल प्रति गॅलन किंवा त्याहून कमी मायलेजची हवी. शिवाय मागचं सलग एक वर्ष ती त्याच मालकाच्या नावावर नोंदलेली आणि विमा उतरवलेली हवी. ही एक वर्षाची अट फार कामाची आहे. ती नसेल तर लोक योजनेच्या आदल्या आठवड्यात पाचशे डॉलरची खटारा गाडी विकत घेऊन साडेचार हजारांचं अनुदान उचलतील. नव्या गाडीची छापील किंमत ४५,००० डॉलरच्या आत हवी. प्रवासी कारचं मायलेज जुनीपेक्षा ४ ते ९ मैलांनी जास्त असेल तर ३,५०० आणि १० मैल किंवा त्याहून जास्त असेल तर ४,५०० डॉलर. लीजवर घ्यायची तर लीज किमान पाच वर्षांची.

इथे पहिली चूक होते. अनुदान ४,५०० म्हणजे ग्राहकाचा फायदा ४,५०० असं धरलं जातं. पण जुनी गाडी नष्ट होणार असल्यामुळे तिची एक्सचेंजची किंमत ग्राहकाच्या हातून जाते. ती बाजारात १,५०० डॉलरला गेली असती तर खरं अनुदान ३,००० च. तिला ५,००० येत असतील तर मालक योजनेकडे फिरकतच नाही. (भंगाराची किंमत किती येईल ते डीलरने ग्राहकाला सांगायचं होतं आणि त्यातले ५० डॉलरपर्यंत स्वतःच्या खर्चासाठी ठेवता येत होते. ती रक्कम किरकोळच असायची.) म्हणून योजनेत येणारी गाडी जवळपास नेहमीच अगदी कमी किमतीची असते, आणि निव्वळ अनुदान प्रत्येक ग्राहकाला वेगवेगळं पडतं. मोजमाप करताना जुन्या गाडीच्या वयावरून आणि मॉडेलवरून तिची बाजारभावाची किंमत धरून ती वजा केली नाही, तर अनुदानाचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा दुबळा दिसतो, कारण तेवढी रक्कम ग्राहकाला कधी मिळालेलीच नसते.

गाडी नष्ट करणं म्हणजे काय, हेही नियमांत नेमकं लिहिलं होतं. इंजिनातलं तेल काढून टाकायचं. ड्रेन प्लग बसवून तेलाच्या जागी सोडियम सिलिकेटचं ४० टक्के द्रावण दोन क्वार्ट, म्हणजे दोन लिटरला थोडं कमी, ओतायचं. मग इंजिन साधारण २,००० आरपीएमवर ते बंद पडेपर्यंत चालवायचं. उष्णतेने पाणी उडून जातं, मागे काचेसारखा घट्ट थर राहतो आणि बेअरिंगं जाम होतात. इंजिन थंड झाल्यावर पुन्हा चालू करून बघायचं. चाललं तर सगळं परत. त्यानंतर गाडी १८० दिवसांच्या आत चेपून किंवा तुकडे करून संपवायची. बाकीचे सुटे भाग विकायला मुभा होती, इंजिन नाही. आमच्या हिशेबासाठी हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण जुनी गाडी खरोखर रस्त्यावरून गेली की नाही यावर 'नवी' गाडी जास्तीची की फक्त बदली, हे ठरतं. जर्मनीत भंगारात दिल्याचं दाखवलेल्या बऱ्याच गाड्या परदेशी विकल्या गेल्याचं उघड झालं. तिथे इंजिन जागीच निकामी करण्याची पद्धत नव्हती, कागदावर भिस्त होती.

आता आकडे. इथे सर्वांत जास्त वेळ जातो आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

अमेरिकेत महिन्याची विक्री बहुतेक वेळा 'वार्षिक वेग' म्हणून छापली जाते. त्या महिन्याचा हंगामी चढउतार काढून उरलेला आकडा बाराने गुणतात. जून २००९ मध्ये हा वेग सुमारे ९७ लाख होता, ऑगस्टमध्ये सुमारे १ कोटी ४१ लाख आणि सप्टेंबरमध्ये सुमारे ९२ लाख. हे आकडे बघून ऑगस्टमध्ये ४४ लाख गाड्या जास्त गेल्या असं लिहिणारे भेटतात. बाराने भागलं की फरक साडेतीन-पावणेचार लाखांवर येतो. त्यातही हंगामी दुरुस्ती नेहमीच्या वर्षांवरून ठरवलेली असते. योजनेने हंगामच मोडला असताना तीच दुरुस्ती लावली तर आकडा वाकडा होतो. म्हणून आम्ही कच्चे मासिक आकडे घेतो आणि हंगामी घटक योजनेआधीच्या वर्षांतून स्वतः काढतो. नंतरच्या वर्षांचा डेटा त्या गणितात येऊ देत नाही. तो आला तर ऑगस्टचा उंचवटा पुढे 'नेहमीचा' म्हणून मोजला जातो.

पहिला सापळा तारखांचा. विक्री, नोंदणी आणि दाव्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत डीलर आधी सवलत देऊन गाडी ताब्यात देत असे आणि मग कागदपत्रं संगणकावर चढवून सरकारकडे पैसे मागत असे. सुरुवातीला ती यंत्रणा भाराखाली अडत होती आणि विम्याच्या किंवा नोंदणीच्या कागदात एखादा खंड दिसला की दावा परत येत होता. त्यामुळे दाव्याची तारीख विक्रीच्या तारखेपेक्षा बरीच उशिराची असते. व्यवहारनिहाय माहितीत विक्रीची तारीख स्वतंत्र रकान्यात आहे, तीच घ्यायची. जर्मनीत उलट अडचण. तिथे मार्च २००९ अखेरीपासून अनुदान आधी ऑनलाइन राखून ठेवायचं आणि गाडी नंतर आली की नोंदवायची, अशी पद्धत झाली. निधी २ सप्टेंबर २००९ ला संपला, पण राखून ठेवलेल्या गाड्यांची नोंदणी पुढचे कित्येक महिने चालू राहिली. सप्टेंबरला योजना संपली असं धरून पुढचे महिने 'नंतरचे' म्हणून मोजले, तर योजनेचीच विक्री नंतरच्या काळात जाते आणि घट लपते.

दुसरा सापळा तुलनेच्या वर्षाचा. जर्मनीत १ जानेवारी २००७ ला मूल्यवर्धित कर १६ वरून १९ टक्के झाला. लोकांनी २००६ मध्येच खरेदी उरकली. त्या वर्षी सुमारे ३४.७ लाख नोंदण्या झाल्या, २००७ मध्ये ३१.५ लाख. आता २००७ हे 'नेहमीचं' वर्ष धरलं तर ते आधीच खाली गेलेलं आहे, आणि २००६ धरलं तर वर चढलेलं. ब्रिटनमध्ये तर हे योजनेच्या मधोमध आलं. तिथला कर डिसेंबर २००८ मध्ये १५ टक्क्यांवर आणला होता आणि १ जानेवारी २०१० ला परत १७.५ टक्के झाला. योजना मे २००९ ते मार्च २०१० चालली. डिसेंबर २००९ ची गर्दी अनुदानाची किती आणि कराची किती, हे वेगळं करायला पात्र आणि अपात्र ग्राहकांची स्वतंत्र मोजणी लागते. एकट्या एकूण विक्रीतून ते निघत नाही.

तिसरा सापळा घोषणेचा. ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी योजना २२ एप्रिल २००९ ला जाहीर केली आणि ती १८ मे ला सुरू झाली. या चार आठवड्यांत पात्र ग्राहक गाडी का घेईल? तो थांबतो. ती थांबलेली विक्री पहिल्या आठवड्यात एकदम बाहेर पडते आणि योजनेच्या खात्यावर जमा होते. आमचा नियम असा, की मोजणीची खिडकी, म्हणजे ज्या काळातली विक्री मोजायची तो काळ, पहिल्या ठोस चर्चेपासून उघडायची. सुरुवातीच्या तारखेपासून उघडली तर आकडा फुगतोच.

यानंतर कळीचा प्रश्न येतो: योजना नसती तर किती गाड्या गेल्या असत्या? ही रेषा कुणी पाहिलेली नसते, ती बांधावी लागते. ती किती नाजूक असते हे समजावं म्हणून एक मनातलं उदाहरण घेऊ. योजना नसती तर दर महिन्याला १०० गाड्या गेल्या असत्या. घोषणेच्या महिन्यात ९० गेल्या. योजनेच्या दोन महिन्यांत १४० आणि १६०. पुढच्या सात महिन्यांत ८०, ८५, ९०, ९०, ९५, ९५, ९७. योजना संपताच खिडकी बंद केली तर ९० गाड्या जास्त दिसतात. सातही महिने धरले तर फक्त २२. आता समजा आपली रेषा तीन टक्के चुकली, खरा आकडा १०० नसून १०३ होता. दहा महिन्यांत ती चूक ३० गाड्यांची होते आणि २२ च्या जागी उणे ८ येतात. नंतरची घट पकडायला खिडकी लांब हवी, आणि खिडकी जितकी लांब तितकी रेषेतली चूक साठत जाते. मंदीत तर रेषा स्वतःच हलत असते. या कामातली खरी अडचण ही आहे, आणि मागच्या वर्षाशी साधी तुलना करून ती सुटत नाही.

जर्मनीच्या आकड्यांवर हे लगेच दिसतं. २००८ मध्ये ३०.९० लाख नोंदण्या, २००९ मध्ये ३८.०७ लाख, २०१० मध्ये २९.१६ लाख. २००८ हीच रेषा धरली तर २००९ मध्ये ७.१७ लाख जास्त, २०१० मध्ये १.७४ लाख कमी, म्हणजे दोन वर्षांत ५.४३ लाख जास्त. पण मंदीत दोन्ही वर्षं १० टक्क्यांनी खाली गेली असती असं धरलं तर रेषा २७.८१ लाखांवर येते आणि जास्तीची विक्री ११.६१ लाख होते. आकडे तेच, फक्त रेषा बदलली आणि उत्तर दुप्पट झालं. अनुदान मात्र दोन्ही हिशेबांत सुमारे २० लाख गाड्यांना, प्रत्येकी २,५०० युरो, एकूण ५ अब्ज युरो. जर्मन योजना फक्त खासगी व्यक्तींसाठी होती, त्यामुळे कंपन्यांच्या नावच्या नोंदण्या तुलनेला घ्याव्यात असं सुचतं. त्या वर्षी खासगी नोंदण्या उसळल्या आणि कंपन्यांच्या घसरल्या. पण मंदीत कंपन्या खर्च आधी कापतात, आणि डीलरने स्वतःच्या नावाने नोंदवलेल्या गाड्याही त्यातच मिसळलेल्या असतात. ही रेषा खऱ्या रेषेपेक्षा खाली पडते आणि योजना आहे त्याहून चांगली दिसते.

यातून बाहेर पडायचे तीन मार्ग अमेरिकी योजनेवर वापरले गेले, आणि तिन्ही शिकण्यासारखे आहेत. ली, लिन आणि स्पिलर या अर्थतज्ज्ञांनी कॅनडाची तुलना घेतली. तिथे बाजार सारखा, मॉडेलं सारखी, पण एवढी मोठी योजना नाही. त्यांच्या हिशेबात जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे ३.७ लाख विक्री योजनेमुळे आली आणि खर्चातला साधारण ४५ टक्के पैसा तशीही गाडी घेणाऱ्यांकडे गेला. मियाँ आणि सूफी यांनी देशातल्या देशातच तुलना केली. ज्या शहरांत २००८ मध्येच पात्र ठरतील अशा जुन्या गाड्या जास्त होत्या, तिथे योजनेचा परिणाम जास्त दिसायला हवा. मंदी सगळ्या शहरांना कमीजास्त लागली तरी रेषेतली देशव्यापी चूक दोन्ही बाजूंना सारखीच पडते आणि वजाबाकीत निघून जाते. त्यांनाही त्या दोन महिन्यांत ३.७ लाख जास्त गाड्या दिसल्या, आणि मार्च २०१० पर्यंत, म्हणजे सात महिन्यांत, ही वाढ जवळपास पूर्ण परत गेल्याचं दिसलं. जास्त जुन्या गाड्या असलेल्या शहरांत रोजगारावरही वेगळा परिणाम दिसला नाही.

आम्हाला सर्वांत भावलेला मार्ग तिसरा. होएक्स्ट्रा, पुलर आणि वेस्ट यांनी टेक्सासमधल्या घरांची तुलना केली: ज्यांची जुनी गाडी १८ मैलांची होती ते पात्र, ज्यांची १९ ची होती ते अपात्र. एका मैलाच्या फरकाने घरांचं उत्पन्न किंवा गरज बदलत नाही, बदलते फक्त पात्रता. त्यांना सुमारे ६० टक्के अनुदान तशीही खरेदी करणाऱ्यांकडे गेल्याचं दिसलं, आणि उरलेली खरेदी फार तर आठ महिने अलीकडे आलेली. ही पद्धत वापरताना दोन गोष्टी जपायच्या. योजना सुरू होण्याच्या तोंडावर काही मॉडेलांचे अधिकृत मायलेज आकडे दुरुस्त झाले होते, म्हणून मायलेजची जुनी पुस्तिका घेतली तर पात्रतेच्या सीमेच्या चुकीच्या बाजूला घरं पडतात. दुसरं, हे उत्तर सीमेजवळच्या घरांचं आहे. १२ मैल देणाऱ्या ट्रकच्या मालकाने काय केलं असतं, ते यातून कळत नाही.

याच काळात एडमंड्स या वाहनबाजाराची माहिती देणाऱ्या कंपनीने योजनेत न बसणाऱ्या महागड्या गाड्यांच्या कलावरून रेषा बांधली. जास्तीची विक्री त्यांना फक्त १.२५ लाख दिसली आणि तीन अब्ज डॉलरला त्याने भागून दर गाडीमागे २४,००० डॉलर खर्च आल्याचं त्यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये मांडलं. व्हाइट हाउसने त्याला जाहीर आक्षेप घेतला. आमच्या मते महागड्या गाड्यांचा ग्राहक मंदीतून वेगळ्या वेगाने सावरतो, म्हणून ती रेषा तुलनेला बरी नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनेही खिडकी लवकर बंद केली जात होती. प्रत्यक्षात वाटलेलं अनुदान २.८५ अब्ज डॉलर, अनुदानित गाड्या सुमारे ६.७७ लाख, म्हणजे सरासरी ४,२०० डॉलर. ३.७ लाखांनी भागलं तर जास्तीच्या एका गाडीमागे सुमारे ७,७०० डॉलर. आणि खिडकी मार्च २०१० पर्यंत नेली तर भाजक शून्याच्या जवळ जातो, भागाकाराला अर्थच उरत नाही. 'दर गाडीमागे खर्च' हा आकडा कुठेही वाचला की खिडकी कधी बंद केली ते आधी बघतो. ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा आम्ही वापरत नाही.

गाड्यांची संख्या आणि कंपन्यांची कमाई यांतही फरक पडतो. मायलेजची अट असली की मोठी गाडी चालवणारा छोटी घेतो. अमेरिकेत योजनेत सर्वाधिक आलेली जुनी गाडी फोर्ड एक्स्प्लोरर होती आणि सर्वाधिक घेतलेली नवी गाडी टोयोटा कोरोला. होएक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांच्या हिशेबात यामुळे पूर्ण काळ धरला तर नव्या गाड्यांवरचा एकूण खर्च कमीच झाला. जर्मनीत मायलेजची अशी पायरी नव्हती, तिथे रक्कम ठरावीक होती, पण परिणाम त्याच दिशेने गेला. २,५०० युरो म्हणजे १०,००० युरोच्या गाडीवर २५ टक्के सूट आणि ४०,००० च्या गाडीवर सव्वासहा टक्के. साहजिकच छोट्या गाड्या उचलल्या गेल्या. किमतीचं वागणंही एकसारखं नव्हतं. जर्मन व्यवहारांवरच्या अभ्यासात स्वस्त गाडी घेणाऱ्या अनुदानित ग्राहकाला डीलरची नेहमीची सूट थोडी कमी मिळाली, तर महाग गाडी घेणाऱ्याला उलट जास्तीची सूट मिळाली. म्हणजे अनुदानाचा काही भाग स्वस्त गाड्यांच्या टोकाला विक्रेत्याच्या खिशात गेला. फक्त छापील किमती पाहिल्या तर हे दिसत नाही, प्रत्यक्ष बिलाची रक्कम लागते.

विक्री म्हणजे उत्पादन नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं. २००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत जनरल मोटर्स आणि क्रायसलर दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून जात होत्या आणि कारखाने मंदावले होते. जुलै-ऑगस्टची विक्री बरीचशी डीलरच्या आवारातल्या साठ्यातून गेली. कारखान्यांना काम मिळालं ते साठा भरून काढताना, थोडं उशिरा. सप्टेंबरची घसरणही काही अंशी आवारात हवं ते मॉडेल नसल्यामुळे झाली. तेवढी घट 'आगाऊ'च्या खात्यावर टाकायची नसते. ती वेगळी काढायला मॉडेलनिहाय साठ्याचे आकडे लागतात: साठा भरल्यावर ज्या मॉडेलांची विक्री परत आली, त्यांची घट तुटवड्याची.

मग आगाऊ उरकलेल्या खरेदीला मंदीत काहीच किंमत नाही का? आहे, पण ती कुठल्या महिन्यातून उचलली यावर ठरते. कारखाना बंद पडायच्या बेतात असताना सहा महिन्यांनंतरची मागणी आज मिळणं मोलाचं आहे, जर त्या सहा महिन्यांनंतर बाजार सावरलेला असेल. अमेरिकेत मंदी अधिकृत गणनेप्रमाणे जून २००९ मध्येच संपली होती, योजना जुलैमध्ये सुरू झाली, आणि बेरोजगारी १० टक्क्यांच्या शिखरावर पोचली ती ऑक्टोबर २००९ मध्ये. म्हणजे ज्या महिन्यांत लोकांचं काम सर्वाधिक गेलेलं होतं, नेमकी त्याच महिन्यांतली विक्री उचलून उन्हाळ्यात आणली गेली. जर्मनीत योजना जानेवारी २००९ मध्ये, घसरण चालू असतानाच आली. खरेदी जास्त लांबून अलीकडे आली आणि २०१० ची देशांतर्गत घट निर्यात सावरल्यामुळे कारखान्यांनी बऱ्यापैकी पचवली. आमच्या मते दोन्ही योजनांच्या निकालातला फरक अनुदानाच्या रकमेपेक्षा या वेळेच्या आणि लांबीच्या फरकातून जास्त येतो. जर्मनीतली नऊ वर्षांची गाडी अजून पाच-सहा वर्षं चालली असती. तिच्या मालकाने खरेदी आठ महिने नव्हे, काही वर्षं अलीकडे आणलेली असू शकते. अमेरिकेत मात्र दोन महिन्यांची घाई झाल्यामुळे ज्यांचं मन आधीच बनलं होतं तेच पुढे सरसावले. त्यात पतपुरवठा आटलेला. जुनी गाडी असणाऱ्यांपैकी ज्यांना कर्ज मिळत होतं तेच येऊ शकले, आणि कर्ज मिळणारा ग्राहक बहुधा 'तशीही'च्या ढिगातला असतो.

शेवटाला अनुदान एकदम तोडलं की विक्री दरीत पडते. फ्रान्सने डिसेंबर २००८ ला सुरू केलेलं १,००० युरोचं अनुदान जानेवारी २०१० ला ७०० वर आणि जुलै २०१० ला ५०० वर आणलं, वर्षअखेरीस बंद केलं. पायऱ्या केल्यामुळे घट पसरली, पण प्रत्येक पायरीच्या आदल्या महिन्यात छोटी गर्दी झाली, म्हणून मोजताना तिथे एका उंचवट्याऐवजी तीन शोधावे लागतात. हा धडा फ्रान्सने नव्वदच्या दशकात घेतला होता. १९९४-९५ ची आणि १९९५-९६ ची अशा दोन योजना पाठोपाठ झाल्या, आणि दुसरी सप्टेंबर १९९६ मध्ये संपल्यावर विक्री १९९६ च्या २१.३ लाखांवरून १९९७ मध्ये १७.१ लाखांवर आली. अड्डा आणि कूपर यांनी त्या योजनांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दाखवली. एकाच वेळी घेतलेल्या गाड्या एकाच वेळी म्हाताऱ्या होतात, त्यामुळे बदलायच्या वयात त्या पोचल्या की विक्रीत पुन्हा लाट येते. म्हणून अशा योजनेची फाइल बंद करताना आम्ही नोंदणीवर्षानुसार रस्त्यावरच्या गाड्यांची वाटणी शेवटच्या पानावर जोडून ठेवतो. दहा-बारा वर्षांनी पुढच्या मंदीत कुणी तुलनेचं वर्ष निवडायला बसेल, तेव्हा त्या वर्षाची विक्री या जुन्या लाटेने चढलेली आहे का, हे त्याला तिथूनच तपासावं लागेल.